फिटनेसचं किंवा कामाचं अ‍ॅप बदलताय? आधी बाहेर पडायची वाट शोधा

माझ्या फोनने एकदा मला शाबासकी दिली: आज तुम्ही १४,२१२ पावलं चाललात! सलग तीन दिवस अशी शाबासकी मिळाली आणि तिन्ही दिवस मी स्वतःवर खूश होते. चौथ्या दिवशी लक्षात आलं, की नवं अ‍ॅप घड्याळाची पावलं धरतंय, खिशातल्या फोनचीही धरतंय आणि दोन्हींची बेरीज मला दाखवतंय. चालणं नेहमीइतकंच होतं. आकडा तेवढा दुप्पट.

त्याच आठवड्यात मी कामांची यादीसुद्धा एका अ‍ॅपातून दुसऱ्यात हलवली होती. 'दर दुसऱ्या सोमवारी' येणारं एक काम तिकडे पोहोचलं खरं, पण एकदाच येणारं होऊन. पहिल्या सोमवारी मी त्यावर टिक केली आणि ते कायमचं गेलं. महिन्याभराने ऑफिसातून विचारणा झाली, तेव्हा मला ते काम आठवलं.

आजवर मी व्यायामाची चार आणि कामांची पाच अ‍ॅप बदलली. त्यातली निम्मी बदलायची गरजच नव्हती, आणि बाकीची बदलताना दरवेळी काहीतरी हरवलं. पहिल्यांदाच बदलणाऱ्यांसाठी, मी ज्या क्रमाने करायला हवं होतं तो क्रम इथे देतेय. एक गोष्ट आधीच सांगते: व्यायामाचं आणि कामाचं अ‍ॅप एकाच महिन्यात बदलू नका. दोन्हीकडे एकदम गोंधळ झाला की कुठलाच निस्तरता येत नाही.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- कॉम्प्युटर. डेटा बाहेर काढायची सोय बऱ्याच अ‍ॅपमध्ये फक्त वेबसाइटवर किंवा डेस्कटॉपवर असते, फोनवर ती सापडतच नाही.
- जुन्या अ‍ॅपचा लॉगिन. नुसता पासवर्ड नव्हे. खातं ईमेलने उघडलं होतं, गूगलने की अ‍ॅपलने, हेही आठवून ठेवा. चुकीच्या बटणाने आत गेलात तर दुसरंच, कोरं खातं उघडतं आणि 'माझा सगळा डेटा गेला' म्हणून धडकी भरते.
- एक फोल्डर, नावात आजची तारीख. उतरवलेल्या सगळ्या फाइली त्यातच.
- नोटपॅडसारखा साधा टेक्स्ट एडिटर.
- कागद आणि पेन. हसू नका, तीनदा लागणार आहे.
- दोन आठवडे. घाईत, रविवारी रात्री, 'उद्यापासून नवी सुरुवात' म्हणत हे काम करू नये.

१. नक्की काय खुपतंय ते एका वाक्यात लिहा

कागदावर एक वाक्य लिहा: 'जुन्या अ‍ॅपमध्ये मला अमुक करता येत नाही.' अमुकच्या जागी ठोस काहीतरी आलं पाहिजे. 'धावताना फोन घरी ठेवला तर नोंद होत नाही' हे चालेल. 'टीममधल्या दुसऱ्याला काम सोपवता येत नाही' हेही चालेल. 'कंटाळा आला', 'याचा रंग छान आहे', 'सगळे तेच वापरतात' असं काही लिहिलं गेलं, तर अ‍ॅप नका बदलू, सेटिंग बदलून बघा.

सेटिंगमधलं सगळ्यात दुर्लक्षित खातं म्हणजे रोजचं लक्ष्य. कित्येक अ‍ॅप तुम्हाला न विचारता १०,००० पावलं लावून टाकतात. हा आकडा कुठल्या डॉक्टरी तपासणीतून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं, त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक'. तिथून तो आकडा जगभर चिकटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत पावलं नाहीतच. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम करावा असं त्यात आहे. रोज संध्याकाळी लाल वर्तुळ अपुरं बघून तुम्ही अ‍ॅपवर चिडत असाल, तर लक्ष्य ६,००० करा, किंवा पावलांऐवजी मिनिटं दाखवायला सांगा. माझा एक बदल यामुळे वाचला असता.

कामाच्या अ‍ॅपचंही तसंच. यादीत १८० कामं साचली आणि अ‍ॅप उघडवत नाही, ही तक्रार अ‍ॅपची नाही. ती १८० कामं नव्या अ‍ॅपात नेली तर तेही आठवड्याभरात उघडवेनासं होतं.

२. तुमचे आकडे मुळात कुठे राहतात ते शोधा

व्यायामाचं अ‍ॅप बदलणाऱ्यांचा खरा घोळ इथे होतो. आपल्याला वाटतं, सगळं त्या एका अ‍ॅपमध्ये आहे. प्रत्यक्षात मधे तीन थर असतात.

पहिला थर मोजणाऱ्याचा: फोन, घड्याळ किंवा पट्टा. घड्याळ आपली नोंद आधी स्वतःच्या कंपनीच्या अ‍ॅपला देतं. दुसरा थर कोठाराचा: आयफोनवर 'अ‍ॅपल हेल्थ', जे २०१४ साली आयओएस ८ बरोबर आलं, अँड्रॉइडवर 'हेल्थ कनेक्ट', जे २०२२ मध्ये जाहीर झालं आणि अँड्रॉइड १४ पासून फोनच्या सेटिंगमध्येच बसवलेलं असतं. त्याआधीच्या अँड्रॉइडवर ते प्ले स्टोअरवरून वेगळं घ्यावं लागतं. तिसरा थर दाखवणाऱ्याचा: तुम्ही रोज उघडता ते, आलेख काढणारं, शाबासकी देणारं अ‍ॅप.

आता कागदावर तीन चौकोन काढा आणि बाण ओढा: कोण कोणाला काय देतंय. घड्याळ कंपनीच्या अ‍ॅपला, ते कोठाराला, कोठार दाखवणाऱ्याला. तुम्हाला बदलायचं आहे ते तिसऱ्या थरातलं असेल, तर काम सोपं आहे. डेटा कोठारात आहेच, नव्या अ‍ॅपला परवानगी दिली की झालं. घड्याळच बदलणार असाल, तर कंपनीचं अ‍ॅपही बदलणार, म्हणजे पहिल्या थरापासून सुरुवात.

सापळे तीन, आणि तिन्ही महागात पडणारे.

हेल्थ कनेक्टमध्ये नव्या अ‍ॅपला परवानगी दिली, की एरवी त्याला परवानगीच्या आधीच्या ३० दिवसांचाच डेटा वाचता येतो. त्याहून जुना हवा तर अ‍ॅपला वेगळी परवानगी मागावी लागते, आणि सगळी अ‍ॅप ती मागत नाहीत. तुमची तीन वर्षं नव्या आलेखात एका महिन्याची दिसली तर घाबरू नका. डेटा जागेवर आहे, नव्या पाहुण्याला दिसत नाहीये एवढंच. पण त्या भरवशावर जुनं खातं मात्र पुसू नका.

आयफोन बदलताना कॉम्प्युटरवर बॅकअप घेणार असाल, तर 'एन्क्रिप्ट' या चौकटीत टिक हवीच. साध्या बॅकअपमध्ये हेल्थचा डेटा जात नाही. ही टिक न केल्याने एका मैत्रिणीची चार वर्षांच्या वजनाची नोंद गेली. आयक्लाउडवर हेल्थ चालू असेल तर ही भानगड येत नाही. चालू आहे का ते मात्र आधी बघा, फोन विकून झाल्यावर नव्हे.

तिसरा सापळा माझाच, दुप्पट पावलांचा. अ‍ॅपल हेल्थमध्ये पावलांच्या पानावर खाली 'डेटा सोर्सेस अँड अ‍ॅक्सेस' आहे. तिथे कुठल्या यंत्राला आधी मान द्यायचा हा क्रम बोटाने वरखाली ओढून लावता येतो. कोठार स्वतः त्या क्रमाने हिशेब करतं आणि दुहेरी मोजत नाही. गडबड होते ती नवं अ‍ॅप कोठाराकडूनही घेतं आणि घड्याळाच्या खात्याशीही थेट जोडलेलं असतं तेव्हा. म्हणून एक नियम: एका आकड्याला एकच वाट. पावलं कोठारातून घ्यायची तर थेट जोडणी बंद.

३. नवं निवडताना आधी बाहेरचं दार तपासा

अ‍ॅप निवडताना सगळे आत काय आहे ते बघतात. मी आता पहिल्यांदा 'एक्स्पोर्ट' शोधते. खातं उघडायच्याही आधी, त्या अ‍ॅपच्या मदतीच्या पानांवर. तिथे 'तुमचा डेटा डाउनलोड करा' असं काही सापडलं नाही, तर पुढचं वाचायचे कष्ट घेत नाही.

अ‍ॅप मरतात म्हणून हे. 'मूव्ह्ज' नावाचं, चालण्याची आपोआप नोंद ठेवणारं एक सुरेख अ‍ॅप होतं. २०१४ मध्ये फेसबुकने घेतलं, ३१ जुलै २०१८ ला बंद केलं. कामांच्या याद्यांसाठी लाडकं असलेलं 'वंडरलिस्ट' २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं आणि ६ मे २०२० ला मिटवलं. तिथल्या लोकांना निदान याद्या 'मायक्रोसॉफ्ट टू डू'मध्ये न्यायची सोय मिळाली. आणि मरत नाहीत तीही बदलतात: नोट्स ठेवणाऱ्या 'एव्हरनोट'ने मालक बदलल्यावर २०२३ च्या डिसेंबरमध्ये फुकट वापरणाऱ्यांना ५० नोट्स आणि एक वही एवढीच मर्यादा घातली. खाण्याची नोंद ठेवणाऱ्या 'मायफिटनेसपाल'मध्ये बारकोड स्कॅन करायची सोय वर्षानुवर्षं फुकट होती, २०२२ च्या ऑक्टोबरपासून ती पैसे भरणाऱ्यांपुरती झाली. कंपन्यांना दोष द्यायचा असेल तर द्या, पण आपली फाइल आपल्या हातात असली की रात्री झोप लागते.

फाइल कोणत्या प्रकारची मिळते तेही बघा. कामांसाठी सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी, रकान्यांची साधी फाइल), नोट्ससाठी मार्कडाउन किंवा एचटीएमएल, कॅलेंडरसाठी आयसीएस, धावण्या-सायकलिंगसाठी फिट, टीसीएक्स किंवा जीपीएक्स. फक्त पीडीएफ मिळत असेल तर ते दार नव्हे, खिडकी आहे. बघता येतं, बाहेर पडता येत नाही.

एक्स्पोर्टची खात्री झाली, की मग या चाचण्या. दहा मिनिटांत होतात.

फ्लाइट मोड लावा आणि अ‍ॅप उघडा. कालची यादी दिसते का? नवं काम लिहिता येतं का? नेटवर्क आल्यावर ते दुसऱ्या यंत्रावर पोहोचतं का? मी एक अ‍ॅप केवळ यासाठी सोडलं, लिफ्टमध्ये ते पांढरा पडदा दाखवायचं.

मराठीत लिहून शोधा. नोटमध्ये 'बैठकीचे मुद्दे' लिहा आणि 'बैठक' शोधा. पूर्ण शब्द दिल्याशिवाय काही सापडत नसेल, तर हजार नोट्स झाल्यावर तुमचे हाल होतील. आणि इंग्रजीत 'टुमॉरो' लिहिलं की तारीख आपोआप लावणारी अ‍ॅप 'उद्या सकाळी' लिहिलं की नुसती बघत बसतात. मी वापरलेल्या एकालाही ते कळलं नाही. त्याची सवय करून घ्यावी लागते.

परवानग्या वाचा. कामांच्या यादीला तुमचं लोकेशन 'नेहमी' कशाला हवं? धावण्याच्या अ‍ॅपला संपर्कांची यादी कशाला? स्टोअरच्या पानावर प्रत्येक अ‍ॅप कोणता डेटा घेतं याचं कोष्टक असतं: अ‍ॅपलकडे २०२० च्या अखेरीपासून, गूगल प्लेवर २०२२ पासून. ते कोष्टक अ‍ॅप बनवणाऱ्यानेच भरलेलं असतं हे ध्यानात ठेवून वाचा. आणि धावण्याच्या नकाशाचं गांभीर्य हलक्यात घेऊ नका. धावणं-सायकलिंग नोंदवणाऱ्या 'स्ट्राव्हा'ने जगभरातल्या धावपटूंच्या वाटांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला, त्यावर २०१८ च्या जानेवारीत लोकांनी लष्करी तळ ओळखून काढले, कारण ओसाड प्रदेशात सैनिकांच्या धावण्याच्या रेषा चमकत होत्या. तुमच्या धावण्याची सुरुवात आणि शेवट म्हणजे तुमचं घर. त्या भोवतालचा भाग लपवायची सोय स्ट्राव्हात आहे; नव्या अ‍ॅपमध्ये अशी सोय नसेल तर धावणं 'फक्त मला' असंच ठेवा.

पासवर्ड वेगळा ठेवा. मायफिटनेसपालच्या २०१८ मधल्या चोरीत सुमारे १५ कोटी खात्यांची नावं, ईमेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड गेले. वजनाच्या नोंदीपेक्षा तोच पासवर्ड इतर ठिकाणी असणं जास्त घातक.

४. जुन्यातून फाइली उतरवा, आणि उघडून बघा

हे काम नव्या अ‍ॅपची निवड झाल्या दिवशीच करा. काही ठिकाणी मागणी केल्यावर फाइल तयार व्हायला वेळ लागतो, मेलवर लिंक येते आणि ती लिंक काही दिवसांनी मरते. 'गूगल टेकआउट' या गूगलच्या डेटा उतरवायच्या सोयीची साधारण आठवडाभर चालते.

नेहमीच्या काही वाटा:

अ‍ॅपल हेल्थ: वर उजवीकडे स्वतःच्या चित्रावर टॅप करा, अगदी खाली 'एक्स्पोर्ट ऑल हेल्थ डेटा'. झिप मिळते, आत एक्सएमएल. ती प्रचंड मोठी असू शकते, फोन काही मिनिटं गप्प बसतो, त्याला बसू द्या. ही फाइल पुन्हा अ‍ॅपल हेल्थमध्ये घालायची सोय अ‍ॅपलने दिलेली नाही. म्हणजे हा जपून ठेवायचा दस्तऐवज आहे, बॅकअप नव्हे.

स्ट्राव्हा: वेबसाइटवर सेटिंगमधल्या 'माय अकाउंट'मध्ये, 'डाउनलोड ऑर डिलीट युवर अकाउंट'. नाव भीतीदायक आहे, पण डाउनलोडची मागणी केल्याने खातं पुसलं जात नाही. पुसायचं बटण त्याच पानावर वेगळं आहे. त्यावर बोट पडू देऊ नका. तुम्ही चढवलेल्या फाइली मूळ स्वरूपात परत मिळतात.

गूगलचं काहीही, म्हणजे कीप, टास्क्स, कॅलेंडर, फिट: गूगल टेकआउट. आधी 'डिसिलेक्ट ऑल' दाबून सगळ्यावरच्या टिका काढा (यात काही पुसलं जात नाही) आणि मग हवं तेवढंच निवडा, नाहीतर फोटोंसकट सगळं गाठोडं येतं.

नोशन (नोट्स आणि कामं दोन्हींसाठी): सेटिंगमधून सगळं एकदम, 'मार्कडाउन अँड सीएसव्ही' निवडून.

एव्हरनोट: डेस्कटॉपवरून, वहीनुसार, ईएनईएक्स फाइल. ती मॅकवरच्या अ‍ॅपल नोट्सला आणि जॉपलिन या नोट्सच्या प्रोग्रॅमला कळते.

धावण्याच्या फाइलींत निवड असेल तर 'फिट' प्रकारची फाइल घ्या, नाहीतर टीसीएक्स. जीपीएक्स हा मुळात वाटेचा नकाशा आहे: ठिकाण, उंची, वेळ. हृदयाचे ठोके त्यात जोडपुरवणी म्हणून घालावे लागतात आणि नवं अ‍ॅप ती पुरवणी वाचेलच असं नाही. मी आधी सगळं जीपीएक्समध्ये काढलं. वाटा आल्या, ठोके गेले.

आता तो भाग, जो इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत कधीच नसतो. सीएसव्ही फाइल उतरवली, डबल क्लिक केली, एक्सेल उघडलं आणि 'मंगळवारची बैठक'च्या जागी à¤®à¤ असं काहीतरी आलं. पहिल्यांदा हे बघून मी फाइल खराब झाली म्हणून पुसून टाकली होती. फाइल ठीक असते. एक्सेल ती चुकीच्या लिपिसंचात वाचत असतं. उपाय: कोरी एक्सेल फाइल उघडा, 'डेटा' टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', फाइल निवडा, आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये '६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)' निवडा. मराठी जिवंत होते. गूगल शीट्समध्ये ही कटकट बहुधा येतच नाही. आणि महत्त्वाचं: ती विचित्र अक्षरं दिसत असताना 'सेव्ह' करू नका. मग मात्र फाइल खरोखर बिघडते.

त्याच फाइलीत तारखाही बघा. ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे? अ‍ॅप एका पद्धतीने लिहितं, दुसरं दुसऱ्या पद्धतीने वाचतं. १२ तारखेपर्यंतच्या सगळ्या तारखा गुपचूप उलटतात आणि १३ पासूनच्या नाकारल्या जातात. अर्धीच कामं आली तर पहिला संशय यावर घ्या. एक्सेलमध्ये तारखेचा रकाना २०२५-०६-०५ अशा, वर्ष आधी असलेल्या स्वरूपात करून घेतला की भांडण मिटतं. वजन किलोत की पौंडात, अंतर किलोमीटरमध्ये की मैलात, हेही एक नजर.

शेवटी तीन नोंदी निवडा: अगदी जुनी, मधली, कालची. फाइलीत तिन्ही सापडल्या की उतरवणं झालं.

५. दोन आठवडे दोन्ही चालवा (व्यायामासाठी)

नव्या अ‍ॅपला आधी एकच फाइल द्या. दिसली नीट, तर बाकीच्या. स्ट्राव्हासारख्या ठिकाणी एका वेळी २५ फाइली चढवता येतात, तेव्हा चारशे धावण्या असतील तर सोळा फेऱ्या. खरंच सगळ्या हव्यात का, हा प्रश्न तिसऱ्या फेरीला पडतो. मी आता गेल्या वर्षभरातल्याच नेते आणि जुन्या फोल्डरमध्ये ठेवते. पाच वर्षांपूर्वीच्या मंगळवारी मी किती धावले हे मी एकदाही पाहिलेलं नाही.

दोन आठवडे दोन्ही अ‍ॅप चालू ठेवा, पण कोठारात लिहायची परवानगी एकालाच. कॅलरी जुळणार नाहीत. प्रत्येक अ‍ॅपचं गणित वेगळं, त्यामुळे जुनं ३१० म्हणेल आणि नवं ३७०. यातलं बरोबर कोणतं ते शोधत बसू नका. जुने आकडे जुन्यांशी आणि नवे नव्यांशीच ताडून बघा. अंतर मात्र जवळपास जुळायला हवं. नकाशावर तुमची वाट वळणं सोडून इमारतींतून सरळ रेषेत गेलेली दिसली, तर अँड्रॉइडने बॅटरी वाचवायला अ‍ॅपला मधेच झोपवलंय. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा आणि पुन्हा धावून बघा. कितीतरी लोक याच कारणाने चांगली अ‍ॅप 'बेकार' ठरवतात.

दोन आठवड्यांत सवय लागली नाही म्हणून अ‍ॅपला नापास करू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. दोन आठवड्यांत अ‍ॅपची एवढीच परीक्षा घ्यायची: नोंद करायला किती टॅप लागतात, आणि ते मधे मधे किती बोलतं.

स्ट्रीक जाते. दोनशे दिवसांची साखळी नव्या अ‍ॅपात शून्यावर येते आणि पोटात कालवतं. आकडा कागदावर लिहून ठेवा. कागद तिसऱ्यांदा लागेल म्हटलं होतं तो इथे.

६. कामांची यादी: सगळं नेऊ नका

इथे माझा सल्ला वरच्याच्या उलट आहे. व्यायामाची दोन अ‍ॅप एकत्र चालतात, कामांची चालत नाहीत. दोन याद्या म्हणजे एकही यादी नाही. एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी पूर्ण हला.

आणि इम्पोर्ट, म्हणजे फाइलीतून कामं आपोआप आत घेणं, शक्यतो करू नका. हो, आधी एवढं फाइलींबद्दल सांगितल्यावर हे ऐकायला विचित्र वाटेल. फाइल जपण्यासाठी उतरवायची. कामं हाताने लिहायची. जुनी यादी बाजूला उघडी ठेवा आणि येत्या महिन्याभरात जे खरंच करणार आहात तेवढंच नव्यात टाइप करा. माझ्या १८० पैकी ३४ गेली. उरलेल्यांतल्या एकाचीही आठवण अजून कोणी काढलेली नाही.

टीमची यादी असेल आणि इम्पोर्ट टाळता येत नसेल, तर या चार गोष्टी हाताने तपासा. पुन्हा पुन्हा येणारी कामं एकेक उघडून बघा. 'दर दुसऱ्या सोमवारी', 'महिन्याच्या शेवटच्या दिवशी' यांचं काय झालं? सीएसव्हीत नियमाऐवजी नुसती पुढची तारीख आली असेल तर तुमचंही माझ्यासारखं होईल. उपकामं आपल्या मूळ कामाखाली आहेत की सुटी होऊन विखुरली? जोडलेल्या फाइली खरोखर आल्या, की जुन्या अ‍ॅपकडे बोट दाखवणाऱ्या लिंक आल्या? जुनं खातं बंद झालं की त्या लिंक मरतात. आणि रिमाइंडरची वेळ: सकाळी ९ चं काम पहाटे साडेतीनला वाजलं तर टाइमझोनचा घोळ आहे.

कॅलेंडर जोडलेलं असेल तर जुन्या अ‍ॅपची जोडणी आधी तोडा. नाहीतर प्रत्येक काम कॅलेंडरवर दोनदा दिसतं आणि तुम्ही एक पुसता तेव्हा नेमकं चुकीचं पुसलं जातं.

७. पैसे

अ‍ॅप फोनवरून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. पैसे कापले जातच राहतात. आयफोनवर सेटिंगमध्ये आपल्या नावाखाली 'सबस्क्रिप्शन्स', अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'. तिथे दिसलं नाही तर तुम्ही कधीतरी वेबसाइटवरून पैसे भरले असणार, मग तिथेच जाऊन बंद करावं लागतं. फुकट चाचणी घेतली असेल तर अ‍ॅपलकडे ती संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करावी लागते. मी चाचणी सुरू करते त्याच मिनिटाला संपायच्या दोन दिवस आधीचा रिमाइंडर लावते. आणि 'महिन्याला फक्त एवढेच' याच्या खाली, बारीक अक्षरात, 'वर्षाचे एकदम' लिहिलेलं असतं.

नव्याचं वर्षाचं सबस्क्रिप्शन पहिल्या महिन्यात घेऊ नका, कितीही सूट असो.

८. जुनं खातं बंद करा

एक महिना थांबा. जुनं अ‍ॅप या काळात फोनवरून काढलेलं, खातं मात्र जिवंत. महिन्याभरात एकदाही तिकडे जावं लागलं नाही, तर पुढचं या क्रमाने:

सबस्क्रिप्शन रद्द झाल्याचा मेल आलाय ना ते बघा. फाइलींचं फोल्डर दुसऱ्या एका ठिकाणी, पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर, कॉपी करा. अ‍ॅपल हेल्थ किंवा हेल्थ कनेक्टमध्ये जाऊन जुन्या अ‍ॅपच्या परवानग्या काढा. इथे एक प्रश्न विचारला जातो: या अ‍ॅपने लिहिलेला डेटाही पुसायचा का? 'नाही' म्हणा. घाईत 'हो' दाबलं तर कोठारातल्या त्याच्या सगळ्या नोंदी जातात. गूगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यात, जोडलेल्या अ‍ॅपच्या यादीतून त्याचं नाव काढा. मग खातं पुसा.

पुसायचं बटण अ‍ॅपच्या आतच असायला हवं. ज्या अ‍ॅपमध्ये खातं उघडता येतं त्यात ते बंदही करता आलं पाहिजे, असा अ‍ॅपलचा नियम ३० जून २०२२ पासून आहे. सापडत नसेल तर मदतीच्या पत्त्यावर दोन ओळींचा मेल करा: खातं आणि सगळा डेटा पुसा, पुसल्यावर कळवा. युरोपात राहत असाल तर मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या खासगी माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचा उल्लेख करा, उत्तर लवकर येतं. माझ्या एका जुन्या अ‍ॅपने खातं पुसल्यानंतरही तीन महिने 'तुमची आठवण येतेय' असे मेल पाठवले. मेलची यादी खात्यापासून वेगळी असते, तिथून नाव वेगळं काढावं लागतं. मेलच्या तळाशी, फिकट राखाडी रंगात, ती लिंक असते.